ब्लास्केट बेटावरचा नाताळ

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आपण घरी परततो तेव्हा पायांखाली जमीन असते, याचा विचार आपल्यापैकी कुणी क्वचितच केला असेल. थंडी असते, डोळ्यांवर झोप असते, लहानगे खांद्यावर पेंगत असतात. पण वाट सरळ घरापर्यंत जाते. ज्यांना प्रत्येक रविवारच्या मिस्सेसाठी समुद्र ओलांडावा लागे आणि नाताळच्या दिवसांत तर तो ओलांडता येईलच याचा भरवसा नसे, अशा एका कॅथलिक बेटाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ते बेट आजही जागेवर आहे. त्याच्यावरचे गाव मात्र १९५३ साली उठले.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी नावाचा परगणा आहे. तेथून डिंगलचे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात लांबवर घुसले आहे. त्याच्या टोकापलीकडे काही बेटे विखुरलेली आहेत. त्यांतील सर्वांत मोठे ते ग्रेट ब्लास्केट. मोठे म्हणायचे ते शेजारच्या खडकांच्या मानाने. लांबी सहा किलोमीटरांच्या आसपास, रुंदी एक किलोमीटरही नाही, आणि मधोमध डोंगराचा उंच कणा. मुख्य भूमीचे जवळचे टोक दोन किलोमीटरांवर दिसते; पण डनक्विनच्या धक्क्यापर्यंत होडी न्यायची तर पल्ला सुमारे तीन मैलांचा. मधली सामुद्रधुनी फसवी आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातील ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज येथेच बुडाले. त्याच पाण्यातून बेटकरी आपली ‘नेवोग’ हाकीत. नेवोग म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले कापड ताणून केलेली हलकी होडी. आमच्या किनाऱ्यावरचा नाखवा तिच्याकडे पाहून आधी हसला असता आणि तिच्यातून त्या लाटा पार करणारे वल्हेकरी पाहिल्यावर गप्प झाला असता.

बेटावर वस्ती फारशी कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या रोगामुळे जो भीषण दुष्काळ पडला, त्यापूर्वी तेथे दीडशेच्या आसपास माणसे होती; दुष्काळानंतर ती शंभराच्या घरात आली. पुढे वस्ती पुन्हा वाढली आणि १९१६ च्या सुमारास १७६ पर्यंत पोहोचली. बेटावर दुकान नव्हते, गुत्ता नव्हता, डॉक्टर नव्हता. आणि आपल्याला सर्वांत नवल वाटेल ती गोष्ट अशी की, पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धावंत कॅथलिक असलेल्या या गावात चर्च नव्हते आणि धर्मगुरूही नव्हते. त्यांचे चर्च पलीकडे डनक्विनला, संत गोबनेट हिच्या नावाचे. वर्षातून एकदा धर्मगुरू बेटावर येत, पापनिवेदने ऐकत आणि मिस्सा अर्पण करीत. एरवी बाप्तिस्मा पलीकडे, लग्न पलीकडे आणि मूठमातीही पलीकडेच. शवपेटी नेवोगमध्ये आडवी ठेवून न्यायची. बेटावरच्या किल्ल्याच्या टोकाशी एक जुने दफनस्थान होते. पण तेथे बाप्तिस्मा न होताच गेलेली अर्भके आणि वाहून आलेले अनोळखी खलाशी यांनाच जागा मिळे.

दुष्काळाच्या आगेमागे प्रॉटेस्टंट मिशनने बेटावर एक शाळा काढली होती. भुकेल्यांना सूप आणि त्यासोबत धर्मांतर, अशा पद्धतीने आयर्लंडमध्ये त्या काळी ज्या शाळा चालत, त्यांतलीच ही. लोकांनी तिला ‘सूपशाळा’ म्हटले. बेट कॅथलिकच राहिले. भुकेच्या काळात कुणी कुणाच्या दारी सूप घेतले असेल, त्याचा हिशेब एवढ्या वर्षांनी मांडण्यात आम्हांला स्वारस्य नाही.

या लोकांचा नाताळ सुरू होई तो बाजारापासून. डिसेंबरात समुद्राने एखादा शांत दिवस दिला की होड्या डनक्विनला लागत आणि तेथून डोंगर ओलांडून डिंगल गावापर्यंत सुमारे बारा मैलांची पायपीट होई. पीठ, साखर, चहा, मनुका, तंबाखू, थोडी व्हिस्की आणि मोठ्या मेणबत्त्या. ठरलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार नाताळची भेट म्हणून काहीबाही देई. तो त्या भागातला रिवाजच होता. मग तीच ओझी पाठीवर घेऊन परतीचे मैल, आणि धक्क्यावर पोहोचेतो समुद्र फिरला असेल तर डनक्विनच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे मुक्काम. इकडे घरची मंडळी टेकडीवर उभी राहून पाण्याकडे पाहत राहत. सण चार दिवसांवर आलेला, घरात पीठ नाही आणि घरधनी समुद्रापलीकडे, हा प्रसंग बेटावरच्या कोणत्या गृहिणीला नवा नसावा.

नाताळच्या आदल्या दिवशी मांसवर्ज्य असे. संध्याकाळच्या जेवणाला उकडलेले बटाटे आणि खारवलेला सुका मासा. केरीकडे यासाठी लिंग नावाचा मोठा मासा उन्हाळ्यातच खारवून ठेवीत आणि त्यावर दुधाकांद्याचे पांढरे कालवण ओतीत. मटण दुसऱ्या दिवशी. त्यासाठी डोंगरावरची एखादी मेंढी कापली जाई.

अंधार पडताच मेणबत्ती लागे. खिडकीत मेणबत्ती ठेवण्याची ही चाल साऱ्या आयर्लंडची. कंद पोखरून त्याची बैठक करायची, तीत जाड मेणबत्ती उभी करायची आणि ती पेटवायचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यायचा. त्या रात्री पवित्र मरिया आणि योसेफ आसरा शोधीत फिरत आहेत. या घरात जागा आहे हे त्यांना कळावे, हा त्यामागचा भाव. दाराला अडसर घालीत नसत. दुसरेही एक कारण जुने लोक सांगतात. अठराव्या शतकात इंग्रजी कायद्यांनी कॅथलिक धर्मगुरूंच्या मागे ससेमिरा लावला होता. खिडकीतला दिवा म्हणजे ‘या घरी तुम्हांला भय नाही’ अशी त्यांना दिलेली खूण होती म्हणतात. ब्लास्केटची घरे उतारावर एकमेकांना चिकटून, वाऱ्याकडे पाठ करून बांधलेली. एका रात्री सगळ्या खिडक्यांत दिवे लागले की ज्या बेटावर कधी वीज आली नाही ते बेट काळ्या पाण्यावर उजळून निघत असे.

सकाळी समुद्र निवळलेला असला तर नेवोगी मिस्सेसाठी निघत. नसला तर मिस्सेच्या वेळेला लोक एकत्र गुडघे टेकून जपमाळ म्हणत. आम्हांला हे चित्र फार विचार करायला लावते. पलीकडे डनक्विनला वेदीवर मिस्सा चालू आहे हे त्यांना ठाऊक आहे, तेथली घरे डोळ्यांना दिसत आहेत, आणि ख्रिस्तप्रसाद मात्र तीन मैलांच्या फेसाळ पाण्यापलीकडे आहे. आठवड्यामागून आठवडे असे गेले तरी या लोकांची प्रार्थना सुटली नाही. मुले प्रार्थना शिकली ती आजीच्या तोंडून, गेलिक भाषेत, चुलीतल्या पीटच्या धगीशी बसून. आपल्याकडेही आंजेलसनंतरची घरची जपमाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुपारी सगळा गाव पांढऱ्या वाळूच्या पुळणीवर उतरे. तोमास ओ क्रिहन या बेटावरच्या कोळ्याने आपले आत्मचरित्र गेलिक भाषेत लिहिले. ते १९२९ मध्ये ‘बेटकरी’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात त्याने नाताळच्या दिवसांतील हर्लिंगच्या सामन्यांचे वर्णन केले आहे. वाकड्या काठ्यांनी चेंडू टोलवण्याचा हा खेळ अनवाणी पायांनी चाले, आणि चेंडू समुद्रात गेला की गळ्याएवढ्या पाण्यात शिरून तो आणावा लागे. डिसेंबरातले अटलांटिकचे पाणी! खेळून अंगे ठणकली की रात्री कुणाच्या तरी घरी गाणी आणि गोष्टी. पेग सेयर्स ही १८९२ मध्ये लग्न होऊन या बेटावर आलेली बाई. तिच्या जिभेवरच्या कथा पुढे विद्वानांनी शेकड्यांनी उतरवून घेतल्या. गेलिक भाषा शिकण्यासाठी युरोपभरचे पंडित या कोळ्यांच्या चुलीपाशी येऊन बसत असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

मग सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ‘बायकांचा नाताळ’. गेलिकमध्ये त्याला ‘नोलिग ना मान’ म्हणतात आणि केरी-कॉर्क भागांत तो आजही पाळला जातो. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचे आणि बायकांनी चहा, केक घेऊन एकमेकींकडे बसायचे. सणाचे सगळे रांधून झाल्यावर, बाराव्या दिवशी का होईना, रांधणारणीची आठवण झाली. आमच्या भगिनींनी ही चाल आपल्या पतिराजांना अवश्य वाचून दाखवावी.

आता या चित्राची दुसरी बाजू. नाताळपूर्वी डाक पोहोचली की तिच्यात अमेरिकेची पत्रे असत. बेटावरची तरुण मुलेमुली कित्येक वर्षे मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड या शहराकडे चालली होती. एक भाऊ जाई, तो बहिणीचे भाडे पाठवी, ती पुढच्या भावाचे. पत्रात डॉलर असत. त्या डॉलरांवर नाताळचे पीठ येई, मेणबत्त्या येत. पेग सेयर्सचीही मुले समुद्रापार गेली. परदेशाहून नाताळला येणारे पाकीट आमच्याकडील पुष्कळ घरांना परिचयाचे आहे, म्हणून त्याच्या आनंदाबद्दल अधिक लिहीत नाही आणि दुसऱ्या गोष्टीबद्दलही नाही.

मुली जाऊ लागल्या, तशी बेटावर नांदायला यायलाही मुली तयार होईनात. लग्ने थांबली, बाप्तिस्मे थांबले. १९४१ मध्ये मुलांअभावी शाळा बंद झाली. नाताळची मेणबत्ती घरातल्या सर्वांत लहानाने लावायची, ही चाल वर सांगितली. त्यानंतरच्या वर्षांत पुष्कळ घरांत हा मान चाळिशीकडे झुकलेल्या अविवाहित मुलाकडे आला असणार.

१९४६ चा नाताळ झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत बेटावरील चोवीस वर्षांचा एक तरुण आजारी पडला. दुखणे मेंदूज्वराचे होते. समुद्र खवळलेला होता. टपाल कार्यालयात काही वर्षांपूर्वी बसवलेला बिनतारी दूरध्वनी नेमका बंद पडला होता. डॉक्टर येऊ शकले नाहीत आणि धर्मगुरूही येऊ शकले नाहीत. जानेवारी १९४७ मध्ये रुग्णाभ्यंगाशिवाय तो मुलगा गेला. बेटावर त्याच्यासाठी शवपेटीही नव्हती. तीसुद्धा समुद्रापलीकडून आणावी लागली आणि देह पलीकडे पोहोचायला दिवस लागले. ज्या खिडकीतला दिवा धर्मगुरूला ‘ये’ म्हणत होता, त्या खिडकीपर्यंत यायला धर्मगुरूला वाटच नव्हती. आजवर वादळे पुष्कळ झाली होती, माणसेही बुडाली होती. पण या मृत्यूने म्हाताऱ्यांचा धीर सुटला असे दिसते. होडी वल्हवायला तरुण हात उरले नाहीत, हे त्या आठवड्यात सर्वांना कळून चुकले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली की, वादळात अडकलो आहोत, खायला काही नाही, अन्न पाठवा. मदत पोहोचली. जुलैत डी व्हॅलेरा स्वतः बेटावर येऊन गेले. बेटकऱ्यांचे मागणे एकच होते, आम्हांला येथून हलवा. सरकारी कागद फिरायला सहा वर्षे लागली.

या सहा वर्षांत बेटावर एक मूल होते. १९४७ मध्ये जन्मलेला गेरॉइड ओ काहान. त्याच्यानंतरचा लहान माणूस म्हणजे त्याच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठा काका. वृत्तपत्राने त्याला ‘जगातील सर्वांत एकाकी मुलगा’ ठरवले. याला खेळायला फक्त समुद्रपक्षी आहेत असे छापून आले आणि देशोदेशींच्या वाचकांनी त्याला पत्रे धाडली. २०१४ मध्ये त्याने याच नावाने आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण एकाकी होतो हे मात्र त्याला मान्य नाही. आम्ही त्याचे म्हणणे खरे मानतो. सगळे गावच ज्याचे आजोबा आणि काका, त्या मुलाला नाताळला कसले एकटेपण? एकाकी कुणी असेलच तर ते त्याच्याभोवतीचे म्हातारे.

१७ नोव्हेंबर १९५३ हा दिवस स्थलांतराचा म्हणून नोंदला गेला आहे. तेव्हा बेटावर २२ माणसे राहिली होती. समुद्र त्या दिवशीही धड नव्हता. सगळे बिऱ्हाड एका खेपेत हलले नाही. सरकारने डनक्विन परिसरात घरे दिली होती, बेट समोर दिसेल अशी. पेग सेयर्स त्याआधीच, १९४२ मध्ये, पलीकडे आली होती. ती ८ डिसेंबर १९५८ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला वारली आणि डनक्विनलाच पुरली गेली. १९९३ मध्ये तेथे बेटाच्या स्मृतीचे केंद्र उघडले. उन्हाळ्यात पर्यटक बोटीने जातात, पडक्या भिंतींतून हिंडतात आणि संध्याकाळी परततात.

त्या नोव्हेंबरात जी कुटुंबे अलीकडे येऊन पोहोचली, त्यांचा पहिला नाताळ पाच आठवड्यांनी आला. संत गोबनेटच्या चर्चमध्ये ती मिस्सेला चालत गेली असतील. होडी लागली नाही.