बराकीतून बाजारपेठ

आठवडी बाजारात मुलासाठी स्वस्तातली जीन्स घेताना ‘ही कुठून आणता?’ असं दुकानदाराला विचारलं, की पुष्कळदा उत्तर येतं, ‘उल्हासनगर!’ आपल्या गावात धंदे येत नाहीत, आले तरी टिकत नाहीत, हे गाऱ्हाणं बचतगटाच्या बैठकीत आपण नेहमी मांडतो. म्हणून आज आम्ही मुंबईजवळच्या या शहराची गोष्ट सांगणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी तेवढ्या उरल्या. 1947 ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे लाखभर माणसांना सरकारनं इथं आणलं. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. मध्ये भिंत नाही, गोणपाटाचा नाहीतर साडीचा आडोसा. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली. शेजारच्या नदीवरून गावाचं नाव पडलं उल्हासनगर. कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पत्ते मात्र तिथं आजही सांगतात.

या लोकांना शेतजमीन नव्हती, नोकरी नव्हती. होता तो व्यापाराचा अनुभव आणि हाताची कला. सिंधी घरात पाहुण्यापुढं पाण्याबरोबर पापड ठेवायची रीत. तोच पापड बायकांनी बराकीच्या दारात लाटून वाळवला आणि विकायला दिला. लोणची घातली, भरतकाम केलं. पुरुषांनी गोळ्या-बिस्किटं घेऊन लोकलगाडीत फेरी धरली. राहतं घर हाच कारखाना, त्यामुळं भाडं वाचलं. कल्याण जंक्शन शेजारी, त्यामुळं मुंबईची गिऱ्हाइकं हाताशी आली.

पुढं शहाडला रेयॉनचा मोठा कारखाना उभा राहिला. पण उल्हासनगरचं नाव झालं ते छोट्या धंद्यांनी. फर्निचरची गल्ली वेगळी, कापडाचा बाजार वेगळा, जीन्सची शिलाई कॅम्प पाचकडे. एकाच मालाची दुकानं शेजारी शेजारी असली, की गिऱ्हाईक लांबून येतं. कापड, दोरा, बटण, चेन, मशीन दुरुस्त करणारा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. नवा माणूस एका मशीनवरही धंदा सुरू करू शकतो. इथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असा विनोद लोक अजून सांगतात. नकलेचा शिक्का बसला, तरी हाताला काम मिळालं. ते फक्त सिंध्यांना नाही, मराठी आणि उत्तर भारतीय घरांनाही. जीन्सचे धागे कापायचं काम कितीतरी बायका घरी बसून, नगावर पैसे घेऊन करतात.

आता दुसरी बाजू. धंदे वाढले, त्या मानानं गटारं, पाणी आणि कागदपत्रं वाढली नाहीत. बराकींच्या जागी विनापरवाना इमारती उठल्या. त्या नियमित करायला 2006 साली एकट्या उल्हासनगरसाठी वेगळा कायदा करावा लागला. जीन्स धुतल्याचं निळं पाणी वालधुनी नदीत जाऊ लागलं. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहत येणारी ही नदी नाला होऊन गेली. प्रकरण न्यायालयात गेलं, धुलाईचे कारखाने बंद पडले आणि काहींनी दुसरीकडं बिऱ्हाड हलवलं. धुलाई लांब गेली, की शिलाईलाही तिच्या मागं जावंसं वाटतं. मग धागे कापणारीच्या दारात गठ्ठा येत नाही. तिला कुणी नोटीस दिलेली नसते, तिचं नाव कुठल्या वहीतही नसतं.

मैत्रिणींनो, नदी मारून धंदा टिकत नाही आणि धंदा हाकलून घर चालत नाही. सांडपाणी शुद्ध करायची सोय वेळेवर झाली असती, तर या दोन्हींत निवड करायची पाळी आली नसती. उल्हासनगरला धंदे आले ते माणसांच्या जिद्दीनं. ते टिकवायचं काम मात्र एकट्यादुकट्याच्या जिद्दीनं होत नाही, त्याला गावाचा कारभार नीट लागतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत ‘कारखाना आणा’ एवढंच म्हणून थांबायला नको. पापड वाळवायला ओटा, बाजारात बसायला हक्काची जागा, तिचा आपल्या नावावर कागद, पाणी आणि गटार, हेही मागू या. आम्ही जाणार आहोत, तुम्हीही या.