परक्यांच्या वस्तीतून सुरू होणारा खेळ

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीसारख्या गावात यात्रा म्हटली की तमाशा आलाच; आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेले नारायणगाव तर शेजारच्याच जुन्नर तालुक्यातले. गण, गौळण, बतावणी झाली की वग उभा राहतो. जुन्या फडांत वगाची पूर्ण संहिता पुष्कळदा कागदावर नसे. राजा कोण, प्रधान कोण, कथा कुठे न्यायची एवढा सांगाडा ठरलेला असे. बाकीचे संवाद नट उभ्याउभ्या रचत. सोंगाड्याने वाकडा प्रश्न टाकला तर राजाला तिथल्या तिथे उत्तर शोधावे लागे. अशा वगाचा कर्ता कोण, हा प्रश्न आपण लोकनाट्याच्या तासाला क्वचितच विचारतो. सांगाडा देणारा की तो भरणारे?

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एका वेगळ्याच वाटेने पुढे आला. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींतून तिथे भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या हजार संचांची होती. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो, एक जण सूत्रधार होऊन त्या पात्रांभोवतीचे जग सांगतो आणि जिथे यशापयशाची शंका असेल तिथे फासे निर्णय देतात. प्रेक्षक नसतो, जे खेळतात त्यांच्यासाठीच कथा घडते. अशा खेळाचा रचनाकार कथा लिहीत नाही, कथेच्या शक्यता लिहितो.

या रचनाकारांच्या पहिल्या पिढीत एक भाषाशास्त्रज्ञ होता, आणि साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा तोच आहे. फिलिप बार्कर १९२९ साली वॉशिंग्टन राज्यात जन्मला. १९५०च्या दशकाच्या आरंभी तो अभ्यासासाठी भारतात आला. पुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर हे नाव घेतले. बर्कली येथे डॉक्टरेटसाठी त्याने ओरेगनमधल्या क्लॅमथ या आदिवासी भाषेचा अभ्यास केला. तिच्यातील कथा, तिचा कोश आणि तिचे व्याकरण ही त्याची पुस्तके १९६३-६४ मध्ये निघाली. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात असताना त्याने उर्दू आणि बलुची शिकवणारी पाठ्यपुस्तके सिद्ध केली. १९७०च्या दशकाच्या आरंभी तो मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचा प्राध्यापक झाला.

लहानपणापासून त्याच्या डोक्यात एक कल्पित जग होते. त्याचे नाव टेकुमेल. टॉल्किनशी तुलना इथे अटळ आहे: दोघेही भाषेचे प्राध्यापक, दोघांनीही जगाबरोबर भाषा घडवल्या. परंतु टॉल्किनचे जग उत्तर युरोपच्या पुराकथांतून उगवले, तर टेकुमेलवर भारत, इजिप्त आणि माया-अ‍ॅझ्टेक संस्कृतींची छाया आहे. लोखंड दुर्मीळ असलेल्या या ग्रहावर माणसाची ओळख कुळावरून आणि त्याच्या देवळावरून ठरते. तिथल्या त्सोल्यानी भाषेला स्वतःची लिपी आहे, आणि समोरच्याला संबोधताना दर्जाप्रमाणे बदलणारी सर्वनामे आहेत. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून रोज वाट काढणाऱ्या मराठी वाचकाला यात काय पणाला लागते हे समजावून सांगायला नको.

१९७४ मध्ये नवा खेळ मिनेसोटात पोचला होताच. अर्नेसन त्याच परिसरातला. बार्करने लगोलग आपल्या जगासाठी नियम लिहिले आणि १९७५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ गायगॅक्सच्याच टीएसआर कंपनीने छापला. एवढे तपशीलवार जग नियमांबरोबर छापून देणारा खेळ तोवर निघाला नव्हता.

या खेळाची सुरुवात मला त्यातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. खेळाडूंची पात्रे दूरदेशीचे परके लोक असतात. ती बोटीने जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात. शहरात मोकळे हिंडण्याची त्यांना मुभा नाही, त्यांनी परक्यांच्या वस्तीत राहायचे. कोणाला कसे संबोधावे, कोणत्या देवळासमोर काय करू नये, हे त्यांना ठाऊक नसते, आणि चूक जिवावर बेतू शकते. रचनाकाराची ही सोय होती हे खरे: खेळाडूलाही त्या जगाची माहिती नसते, तेव्हा पात्राचे अज्ञान आणि खेळाडूचे अज्ञान एकच होऊन जाते. पण ही नुसती सोय नव्हे. परक्या भाषेच्या दारात वही घेऊन बसलेल्या क्षेत्रकार्यकर्त्याचा अनुभव बार्करने नियमांत उतरवला, असे मला वाटते. इथे शौर्याआधी शिष्टाचार शिकावा लागतो.

व्यवसाय म्हणून ही कारकीर्द फारशी बहरली नाही. १९८३, १९९४, २००५ अशी वेगवेगळ्या प्रकाशकांकडून टेकुमेलची नवी रूपे निघाली. १९८४ आणि १९८५ मध्ये ‘द मॅन ऑफ गोल्ड’ आणि ‘फ्लेमसाँग’ या कादंबऱ्या आल्या. पण खेळायला बसण्याआधी इतका अभ्यास मागणाऱ्या जगाकडे फार थोडे वळले. ते जग जिवंत राहिले ते मिनिआपोलिसमधल्या त्याच्या घरच्या टेबलावर, वर्षानुवर्षे येणाऱ्या मंडळींमुळे. तिथे छापील नियम हळूहळू विरळ होत गेले आणि साध्या फाशांवर भागू लागले, असे त्याचे सहखेळाडू सांगतात. त्या टेबलावर घडलेले कितीतरी त्या जगाच्या इतिहासात जमा झाले. १६ मार्च २०१२ रोजी बार्कर वारला.

इथेच थांबता आले असते तर हा लेख एका विद्वानाचे गुणगान ठरला असता. मार्च २०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केले की १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली ‘सर्पंट्स वॉक’ ही नाझीवादाचा उघड पुरस्कार करणारी कादंबरी बार्करची होती. ज्यूंच्या संहाराचा इतिहास नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावरही त्याचे नाव होते. हे सांगायला उशीर केल्याबद्दल फाउंडेशनने क्षमा मागितली.

परक्याच्या वस्तीत राहून सभ्यता शिकावी लागते असा खेळ रचणारा माणूस वंशद्वेषाची कादंबरी कशी लिहितो? ‘लेखक वेगळा, कृती वेगळी’ हे आपल्या वर्गांतले तयार उत्तर इथे अपुरे पडते. दुसऱ्यांच्या भाषा आत्मसात केल्या म्हणजे दुसऱ्यांविषयी आस्था येतेच, हा आपला, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचा, लाडका समज आहे. बार्करचे आयुष्य त्याला छेद देते. ज्ञान आणि आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही.

तरीही दोन्ही कृतींच्या घडणीतला फरक नोंदवला पाहिजे. ती कादंबरी खोट्या नावाआड लिहिली गेली. तिच्यातल्या पात्रांना लेखकाला अडवता येत नव्हते. टेकुमेल मात्र अशा टेबलावर वाढले जिथे समोरचा माणूस ‘माझे पात्र हे करणार नाही’ असे म्हणू शकत होता. याने बार्कर दोषमुक्त होत नाही. त्याच्या सोबत्यांना त्याची दुसरी बाजू दिसली नाही किंवा दिसूनही ती बोलली गेली नाही, हेही त्यात येतेच. पण त्या जगाचे कर्तेपण एकट्या बार्करचे नव्हते, आणि म्हणून त्याचे पुढे काय करायचे हे ठरवण्याचा हक्कही त्या सोबत्यांचा, आणि पुढे जे खेळतील त्यांचा आहे. अट एकच: सांगाडा कोणी दिला, आणि त्याने आणखी काय लिहिले होते, हे नव्या खेळाडूला बोटीतून उतरण्याआधी सांगितले पाहिजे.