दुष्काळ संपल्यावर मरणारी झाडं

महाराष्ट्रात दुष्काळ मोजायचं जुनं माप म्हणजे आणेवारी, नंतरची पैसेवारी. गावातलं पीक पन्नास पैशांच्या खाली आलं की टंचाई. इंग्रजी अमलात शेतसाऱ्याची सूट ठरवायला हे माप वापरलं जायचं, म्हणून ते हंगामापुरतं आहे. पाऊस पडला, पीक आलं, की दुष्काळ संपला. १८७६, १८९९, १९७२ अशा सालांनीच आपण दुष्काळ लक्षात ठेवतो. जंगलातल्या झाडाला मात्र पैसेवारी नसते, आणि मोठं झाड बऱ्याचदा त्या सालात मरतही नाही.

असं का होतं? झाडाच्या आत मुळापासून पानापर्यंत पाण्याची सलग धार असते आणि पानं ती वर ओढतात. माती कोरडी पडली की ताण वाढतो, धार तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा अडकतो. मिलबर्न आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये एरंडाच्या पानातले हे तुटण्याचे आवाज यंत्रावर टिपले होते. हे टाळायला झाड पानांवरची छिद्रं बंद करतं, पण मग हवाही आत येत नाही, अन्न तयार होत नाही. साठवलेल्या अन्नावर झाड काही काळ तग धरतं. अशक्त झाडात पुढे खोडकिडा शिरतो, बुरशी लागते. मरण येतं तेव्हा पाऊस परत आलेलाही असतो.

कॅलिफोर्नियात हे मोजलं गेलं. तिथला मोठा दुष्काळ २०१६-१७ च्या जोरदार हिवाळी पावसाने मोडला. तरी नोव्हेंबर २०१६ नंतरच्या वर्षभरात आणखी सुमारे २.७ कोटी झाडं मेली. २०१० पासूनची बेरीज १२.९ कोटींवर गेली.

आपल्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. काहींनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली, काहींनी वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. मोसंबीला नीट फळ धरायला पाचेक वर्षं लागतात. वाचलेल्या बागा सावरायच्या आत २०१४ आणि २०१५ चे पावसाळेही कोरडे गेले. ज्वारी बुडाली तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. बाग गेली की पाच वर्षांचं उत्पन्न जातं. तरी बागेला मालक असतो, तो ओरडतो. जंगलासाठी ओरडणारं कोणी नसतं.

झाडाचा काळ वेगळा असतो, हे कोल्हापूरला तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १७१६ च्या सुमाराचं आज्ञापत्र करवीरच्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलं असं मानतात. आरमाराला लाकूड हवं असतानाही त्यात आंबा-फणसाला हात लावू नये असं बजावलं आहे. कारण साधं आहे: ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात.

आज कोल्हापूरकरांना दुष्काळी झाडांचा विषय परका वाटेल. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेला जिल्हा हा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. मग राधानगरी-दाजीपूरच्या जांभूळ-अंजनीला कसली भीती? पण २०१२ मध्ये जगभरातल्या ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्याची धार तुटण्याआधी झाडाकडे किती वाव उरतो, हे त्यात तपासलं होतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत सेफ्टी मार्जिन. सुमारे ७० टक्के जातींत तो अगदी कमी निघाला, आणि भरपूर पावसाची जंगलंही त्याला अपवाद नव्हती. झाड नेहमीच्या पावसाच्या हिशोबाने काठावरच जगत असतं. घाटातला पाऊस चार महिन्यांत पडून जातो. तो लवकर थांबला आणि उन्हाळा कडक गेला, तर वर्षाची सरासरी चांगली दिसूनही झाडाला ताण बसू शकतो.

म्हणून दुष्काळाची नोंद पहिल्या पावसाबरोबर बंद करून चालणार नाही. वाईट सालानंतर तीन-चार वर्षं त्याच जंगलात जाऊन तीच झाडं पुन्हा मोजायला हवीत. नाहीतर सरकारी कागदावर दुष्काळ संपलेला असेल आणि जंगलात तो चालूच असेल.