नव्या काबिजादी आणि औषधपाण्याचा खर्च

गोमंतकात इस्पितळे फार जुनी. परंतु ती कोणासाठी होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सोळाव्या शतकात जुन्या गोव्यात नावारूपास आलेले राजाचे इस्पितळ मुख्यत्वे पोर्तुगीज शिपायांसाठी होते. एतद्देशीय रुग्णाला आधार वैद्याचाच. या वैद्यांना पोर्तुगीज 'पंडित' म्हणत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन सांगतो की, खुद्द व्हाइसरॉय व आर्चबिशपही त्यांच्याकडून उपचार घेत. सरकारी इस्पितळाचे धनीच स्वतःच्या प्रकृतीसाठी खासगी वैद्य बोलावीत होते!

पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले. पुढे १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले, ते पणजीस. पेडण्याच्या रोग्यास तेथे पोहोचण्यासाठी शापोरा आणि मांडवी ओलांडावी लागे. तरीचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, ही सरकारी औषधाची पहिली किंमत होय.

१९६१ च्या मुक्तीनंतर तालुक्यांत आरोग्यकेंद्रे झाली, नद्यांवर पूलही आले. तथापि दुखणे गंभीर झाले की वाट अजून म्हापशाची किंवा बांबोळीचीच. तेथे खाट मिळाली नाही, तपासणीची तारीख लांबली, की घरातला दागिना गहाण पडतो आणि खासगी दवाखान्याची पायरी चढावी लागते.

हा खर्च कोणाचा? १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजूर संघटनेच्या सभासदाला अनेक सरकारी इस्पितळांनी परत पाठविले. खासगी इस्पितळात त्याचे सुमारे १७,००० रुपये गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली. आणीबाणीच्या प्रसंगी उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग, आणि पैशाची टंचाई ही सबब नव्हे, असा तो निर्णय.

गोवा सरकारने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना काढून तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्यास चार लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण दिले. हे स्वागतार्ह खरे. पण योजनेच्या यादीत नसलेला उपचार रुग्णाच्याच माथी येतो. म्हणून एक वकिली सल्ला देतो. सरकारी इस्पितळाने परत पाठविले, तर तेवढे कागदावर लिहून मागावे. पावती खर्च सिद्ध करते. तो का करावा लागला, हे तो कागदच सांगतो.