देवडी

पोस्टिंग बख्शी का तालाबला. बख्शी म्हणजे आपल्या मराठेशाहीतला बक्षी, फौजेचा पगार वाटणारा. तेव्हा फौजी माणसाला हे गाव परकं वाटायचं कारण नाही! सुट्टीच्या दिवशी मात्र सीतापूर रोडने लखनौ गाठावं. इमामबाडे सगळेच बघतात. मी सांगतोय ते एका घराबद्दल, कालका-बिंदादीन की ड्योढी.

ड्योढी म्हणजे आपली देवडी. वाड्यात तिथे पहारेकरी बसायचे. इथे अख्ख्या घरालाच ते नाव पडलं.

कुटुंब मूळचं अलाहाबादकडच्या हंडियाचं, कथा सांगणाऱ्यांचं. पुढे लखनौ दरबारी आलं. ठाकूरप्रसादांनी वाजिद अली शाहला नृत्य शिकवलं, असं घराणं सांगतं. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केलं, नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला, वर्षभरात बंड पेटलं. दरबार संपला, पण विद्या टिकली. कालकाप्रसाद आणि बिंदादीन या भावांनी घरातच ती वाढवली. एकाची हुकमत लयीवर, दुसऱ्याची ठुमरीवर आणि भावावर.

कालकाप्रसादांचे तीन मुलगे: अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज. अच्छन महाराज रामपूर दरबारी होते. लच्छू महाराज मुंबईला सिनेमात गेले. 'मुघल-ए-आझम'मधली नृत्यं त्यांचीच. शंभू महाराज दिल्लीला. अच्छन महाराजांचा मुलगा बिरजू, जन्म १९३८. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि तेराव्या वर्षी हा पोरगा दिल्लीत स्वतः शिकवू लागला. त्या वयात आम्ही सैनिकी शाळेत बुटांना पॉलिश करायला शिकत होतो.

म्हणजे घर रिकामं झालं ते दारिद्र्याने म्हणण्यापेक्षा मागणीमुळे. आज ही वास्तू कथकचं संग्रहालय आहे. चांगलं झालं, नाहीतर तिथे एखादं व्यापारी संकुल उभं राहिलं असतं. तरी माझं मत सांगतो. पलटणीचं म्युझियम कितीही सुंदर असो, पलटण ओळखायची ती परेड ग्राउंडवर. घुंगरू काचेआड ठेवता येतात, तत्कार ठेवता येत नाही.

तो ऐकायचा तर पुण्यात ऐका. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये तिथे नृत्यभारती सुरू केली आणि लच्छू महाराजांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली. दमयंती जोशीही याच भावांकडे शिकल्या. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेल्या माझ्या सीनिअर मंडळींपैकी कुणाची नात त्या परंपरेतल्या क्लासला जात असेल, तर तिच्या पायातले बोल या देवडीतून निघालेले आहेत.