कॉकरचे कान

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. साकोलीला घर बांधून झालंय, पुढे अंगण आहे, आणि मुलांनी हट्ट धरलाय. "काका, कॉकर स्पॅनियल घ्यायचा म्हणतोय. तुमच्याकडे होता ना पूर्वी?"

होता. म्हणूनच मी लगेच हो म्हणालो नाही. सविस्तर लिहून पाठवतो म्हटलं, आणि ते इतकं लांबलं की शेवटी इथेच टाकतोय. घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं.

आमचा कॉकर आला तो 'हम आपके हैं कौन'च्या लाटेत, म्हणजे १९९४ नंतर. त्यातला टफी खरं तर स्पिट्झ. (गावात त्याला 'पामेरियन'च म्हणत, आणि अंगावर केस असलेलं कुठलंही कुत्रं पामेरियनच.) थोरल्या भावाला नागपुरात टफीसारखं काही मिळालं नाही, म्हणून तो हे तपकिरी पिल्लू घेऊन आला. नाव ठेवलं टायगर. पहिल्याच दिवशी शेजारच्या आजीने विचारलं, "हे कुत्रं होय का मेंढरू?"

टायगरचा स्वभाव काय सांगू... शेपटीच नव्हे, कमरेपासून मागचं सगळं अंग हलायचं. राखणीच्या नावाने शून्य. चोर आला असता तर त्याचेही पाय चाटले असते. पण धानाच्या बांधीवर नेलं की वेगळाच कुत्रा. नाक जमिनीला लावून नागमोडी धावायचा, बोडीच्या काठच्या गवतात घुसायचा आणि एखादी पाणकोंबडी उठवून आमच्याकडे वळून बघायचा. पुढचं काम तुम्ही करा, असं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्याच्या खानदानाचा धंदाच तो. स्पॅनियल हा शब्द स्पेनवरून आला असं मानतात. इंग्लंडात जॉन कायस नावाच्या वैद्याने १५७० मध्ये कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात जमिनीवर आणि पाण्यात काम करणारे स्पॅनियल वेगवेगळे सांगितलेत. त्यातला लहानखुरा तो कॉकर, कारण तो झुडपातून वुडकॉक हा पक्षी उठवायचा. गंमत म्हणजे बरीच वर्षं ही वेगळी जात नव्हतीच. एकाच वेतातलं पंचवीस पौंडांच्या, म्हणजे साधारण अकरा किलोंच्या आतलं पिल्लू कॉकर, आणि जड झालं की दुसऱ्या नावाचं! जात कागदावर वेगळी झाली ती १८९० च्या दशकात. पुढे अमेरिकेत गेलेल्यांचं डोकं गोल झालं, केस आणखी वाढले, आणि १९४६ मध्ये तिकडच्या केनेल क्लबने इंग्लिश कॉकर वेगळा नोंदवला. क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात लॉइड नावाच्या एकाच माणसाच्या कॉकरांनी १९३० ते १९५० मध्ये सहा वेळा पहिला नंबर काढला. तोवर हा कुत्रा झुडपातून दिवाणखान्यात आला होता, आणि लोक पाहत होते ते कान आणि केस.

आता भंडारा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा आणि बोड्यांचा हा मुलूख. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला, तोही १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात. हिवाळ्यात इथे बदकं उतरतात, धानाच्या चिखलात पाणलावे येतात, आणि पाणलावा म्हणजे वुडकॉकचा नातलगच. साहेब लोक थंडीत दौऱ्यावर निघत तेव्हा त्यांची बंदूक याच पक्ष्यांवर असे. म्हणजे स्पॅनियलला याहून योग्य जिल्हा कुठला? पण इथे पक्षी उठवायला आणि पाण्यात शिरून आणायला रोजाची माणसं स्वस्तात मिळत. आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी हे काम ढीवरांच्या पोरांकडे असायचं, कमरेएवढ्या थंड पाण्यात. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली शिकारही बंद झाली. ते झालं हे फार बरंच झालं. पण त्यामुळे आमचा टायगर आला तेव्हा त्याचं काम संपलेलं होतं. उरले होते फक्त कान.

आणि इथेच आमचं चुकलं. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्यावर ते जाड, केसाळ झाकण. आत वारा नाही, मळ जास्त, पावसाळ्यात कायम ओल. टायगर बोडीत डुंबून यायचा आणि आम्ही त्याची पाठ पुसायचो, कान नाही. दिवाळीनंतर गवताची कुसळं आत शिरायची. तो डोकं झटकायला लागला, कानाला वास यायला लागला. घरातल्या सर्वानुमते उपाय ठरला: जवसाचं तेल कोमट करून कानात. बंद ओलाव्यात आणखी तेल! मी स्वतः त्याचं डोकं धरून ठेवायचो. झटकून झटकून एका कानाच्या पाळीत रक्त साकळलं, फुगा आला, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे नेलं. तोवर नळ्या आतून जाड होऊन जवळजवळ बुजल्या होत्या. सहाव्या वर्षी तो बहिरा झाला. हाक मारली की बघायचा नाही, आणि आम्हाला आधी वाटलं, हट्टी झालाय.

तर बाबा, तुझ्यासाठी. आठवड्यातून एकदा कान उलटून बघ आणि नाक लावून वास घे. पाण्यातून आला की आधी कान कोरडे कर. कानाखालचे केस बारीक काप. डॉक्टरांनी बघितल्याशिवाय आत काहीही घालायचं नाही, तेल तर नाहीच. बोटांच्या मधे कुसळ आणि गोचीड शोध, गोचिडाचा ताप जीव घेतो. रोज ब्रश, नाहीतर काखेत गाठी होतात. ताटातलं उरलेलं देऊ नकोस, कांदा तर मुळीच नाही. ते डोळे बघून देशीलच, आणि तो फुगेल. रेबीजची लस चुकवायची नाही. शेपूट कापलेलं पिल्लू कुणी दाखवलं तर घेऊ नकोस. झुडपात शेपटीला इजा होते म्हणून कापत म्हणे, तुझ्या अंगणात कुठलं झुडूप?

बहिरा झाल्यावरही टायगर चार वर्षं बोडीवर यायचा. नाक शाबूत होतं. पक्षी उठवायचा आणि वळून बघायचा. फक्त परत ये म्हटलेलं ऐकू जात नसे, मग मीच चिखलात उतरून त्याला आणायचो.

पुतण्याला दोनच प्रश्न विचारलेत. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा दुपारी तो कुठे राहणार? आणि दर रविवारी कान कोण बघणार, त्याचं नाव सांग. पहिल्याचं उत्तर आलंय, हॉलमध्ये, कूलरसमोर. दुसऱ्यावर म्हणे घरात चर्चा चालू आहे.