बाणाची वर्गणी

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या असई या खेड्यापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर चालून आलेल्या आर्थर वेलस्लीला अग्निबाण ही काय चीज आहे हे कोणी सांगावयास नको होते. कारण १७९९ च्या एप्रिलात श्रीरंगपट्टणाबाहेर, सुलतानपेठच्या राईत, रात्रीच्या काळोखात टिपूच्या बाणांच्या माऱ्याने त्याला माघार घ्यावी लागली होती. मोगल, मराठे आणि म्हैसूरकर या सर्वांच्या सैन्यांत बाण होते. परंतु नळीचे लोखंड, कळकाची काठी, दारू आणि बाणदारांचा मुशाहिरा हा सारा खर्च सरकारी खजिन्यावर पडे. बाण घडविणाऱ्याला कोणापुढे पदर पसरावा लागत नसे. शत्रू तेवढा असावा लागे.

शत्रूवाचून, केवळ जिज्ञासेपोटी बाण उडवू पाहणाऱ्यांची कथा निराळी. १९३७ साली कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे फ्रँक मॅलिना आणि त्याचे सोबती जुन्यापान्या सामानावर प्रयोग करीत असता वेल्ड आर्नल्ड नामक विद्यार्थ्याने एक हजार डॉलर देऊ केले, आणि त्यांतले पहिले शंभर, एकेक व पाच-पाच डॉलरच्या नोटांच्या रूपाने, वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिले. पैसा कुठला, हे मंडळींना अखेरपर्यंत उमगले नाही. पावती फाडल्यावाचून गणपतीचीही वर्गणी हातची न सोडणाऱ्या आपल्या समाजाला हा व्यवहार अद्भुतच वाटावा.

वर्गणीची विद्या मात्र आपल्याला परकी नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिची पाठराखण केली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे उभा राहिलेला काचेचा कारखाना तरुणांना काचकाम शिकविणारी शाळाही ठरला. निजामी अमलातून सुटून दहा वर्षे झाली असता, १९५८ साली, खुद्द जालन्यात निघालेल्या महाविद्यालयाच्या नावात कलाशाखेला बगडिया, वाणिज्याला लखोटिया आणि विज्ञानाला बेझनजी अशी तीन नावे जोडलेली आहेत, आणि त्यावरून गावच्या उदारपणाची रीत कळते.

येथेच बाणाची अडचण आहे. कारखान्यातून कंदिलाची काच निघते, महाविद्यालयाच्या दाराशी संगमरवरी पाटी बसते. बाण मात्र काही क्षणांत जळून जातो, आणि देणगीदाराने आपले नाव कोरावे कशावर? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, कित्येक तुकड्यांच्या परिश्रमांनंतर, हातात धरता येईल असा, किलोभराहूनही हलका 'स्वयम्' उपग्रह सिद्ध केला, तेव्हा २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून तो आकाशात गेला. बाण मात्र सरकारचाच होता.